दहा वर्षं टिकणारा लॅपटॉप

९ मार्च, रविवार

लॅपटॉपची दुसरी बिजागरीही आज गेली. उजवी दिवाळीतच गेली होती. आता पडदा आपला आपण उभा राहत नाही, मागं सुताच्या कोनांचा रिकामा खोका लावला की राहतो. नऊ वर्षं झाली याला. फॅन सुरू झाला की सोनम स्वयंपाकघरातून विचारते, आपल्या घरात माग कधी बसवला म्हणून. बायकोला काय, बोलायला पैसे पडत नाहीत. पण नीलम नगरात चारी बाजूंनी पॉवरलूम, कापसाची धूळ दारं लावली तरी आत येते, आणि ती सगळी या बिचाऱ्यानं नऊ वर्षं ओढली.

माझं पोट या यंत्रावर आहे. चादरी-टॉवेलची डिझाइनं करायची आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांना नेऊन द्यायची, हा धंदा. हे बंद पडलं की मी बंद. म्हणून नवीन घ्यायचं ठरवलं, आणि या वेळी असं घ्यायचं की पुढची दहा वर्षं बघायला नको. मागच्या वेळी गडबडीत घेतलं होतं. घाईत घाई अन् विंचू डसला गं बाई, दुसऱ्याच वर्षी बॅटरी फुगली. या वेळी सिद्धनाथ फसणार नाही. सूतवाल्या व्यापाऱ्यानं दिलेली ही डायरी कोरी पडली होती, ती त्यासाठीच काढली. सगळं लिहून, तोलूनमापून घेणार.

काय पाहिजे: धातूचं अंग. घट्ट बिजागरी. फॅन नसलेला बरा, म्हणजे धूळ ओढणार नाही. चव्वेचाळीस डिग्रीत तापून बंद पडू नये. मोटरसायकलवरून नेताना हाडं खिळखिळी होऊ नयेत. आणि टू-इन-वन पाहिजे, म्हणजे पडदा पूर्ण मागं वळून पाटी होते आणि तिच्यावर पेननं काढता येतं. हे शेवटचं आप्पांसाठी.

१२ मार्च, बुधवार

आप्पांचं लिहून ठेवतो, म्हणजे पेन कशाला पाहिजे ते माझ्याच लक्षात राहील.

आप्पा म्हणजे माझे वडील, बिरप्पा. वय एकाहत्तर. वळसंगला आजोबा मेंढरं राखायचे आणि घोंगड्या विणायचे. आप्पा एकोणिसाव्या वर्षी सोलापूरला आले आणि चादरीच्या कारखान्यात ग्राफमास्तर झाले. तेव्हा कॉम्प्युटर कुठला. ग्राफपेपरवर एकेक घर भरून डिझाइन काढायचं, मग आप्पा एकेक ओळ मोठ्यानं वाचायचे आणि समोर बसलेले शेखलालचाचा ते ऐकून पुठ्ठ्याला भोकं पाडायचे; त्या भोकांवरून माग नक्षी विणतो. 'तीन सोड, दोन घे,' असं ते वाचन. रिकामं घर सोडायचं, भरलेलं घ्यायचं. चाचा मनात बेरीज करत राहायचे. ओळ पुरी भरली तर म्हणायचे 'हां'. कमीजास्त झाली तर 'परत'. हां आल्याशिवाय आप्पा पुढच्या ओळीला हात लावत नसत. पस्तीस वर्षं दोघांनी असंच काम केलं. चाचा कोरोनात गेले.

माझ्या जन्माच्या साली आप्पांनी आईसाठी एक काठ काढला होता. खाली मेंढ्यांची रांग, तिच्यावर काठी घेतलेला धनगर, आणि सगळ्यात वर आजोबांच्या घोंगडीची किनार. एक हंगाम चादर निघाली. पुढं कारखाना बंद पडला, पुठ्ठे रद्दीत गेले. घरात एकच चादर उरली होती. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा आप्पांनी ती तिच्यावर घातली आणि तिच्याबरोबर मातीला दिली. फोटो एकही नाही. घरातल्या चादरीचा फोटो कोण काढून ठेवतो?

आता आमची ऋतुजा बारावी झाली. जुलैत पुण्याला कॉलेजला जाईल, हॉस्टेलवर राहील. आप्पांनी धोशा लावलाय की तिला ती चादर करून द्यायची. काल म्हणाले, "पोरगी परक्या गावात झोपनार. आपली चादर पायजे की अंगावर."

डिझाइन कागदावर कुठंच नाही, त्यांच्या डोक्यात आहे. काठाच्या एकशेवीस ओळी, एकेक ओळ एकवीस घरांची. ग्राफपेपरवर काढायला बसले होते, पण हात थरथरतो आणि घर मुगाच्या डाळीएवढं, एक भरायला जावं तर तीन भरतात. मी म्हटलं, पेनवाला लॅपटॉप आणतो, त्यात घर पाहिजे तेवढं मोठं करता येतं, नुसतं टेकवलं की भरतं. आप्पा म्हणाले, यंत्र येऊ दे की, पण तोवर तू बस, मी वाचतो, तू हां म्हण, जुन्यावरच भर. मी म्हटलं, हे जुनं दर दहा मिनिटाला अडकतं, कशाला दोघांची डोकी फिरवायची? तुम्ही तुमच्या हातानं काढा, त्यातच मजा आहे. बरं म्हणाले.

खरं सांगायचं तर कोण तासन्‌तास बसून हां-हां करणार.

१७ मार्च, सोमवार

चार मॉडेलं निवडली. पहिल्याचं अंग चांगलं, पण फॅन आहे. दुसऱ्याला फॅन नाही, तर पेन वेगळं विकत घ्यायचं. तिसऱ्याचं सर्व्हिस सेंटर सोलापुरात नाही, पुण्याला पाठवा आणि महिनाभर वाट बघा. चौथा सगळ्यात बरा, पण त्याच्या बिजागरीबद्दल एकानं वाईट लिहिलंय, सहाशे जणांनी चांगलं लिहिलंय. माझं मन त्या एकाकडंच जातं.

हे लिहितोय आणि शेजारी आप्पांची टकळी चालू आहे. सकाळपासून तेच. लिहितोच इथं, म्हणजे नंतर वाचून त्यांना हसता येईल: 'चार सोड, दोन घे, सात सोड, दोन घे, सहा सोड.' मग थांबतात. मग परत तेच. 'चार सोड, दोन घे, सात सोड, दोन घे, सहा सोड.' थांबतात आणि माझ्याकडं बघतात. माझे सासरे कुर्डुवाडीला रेल्वेत होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी जेवताना स्टेशनं म्हणतात. जुनी सवय, दुसरं काय.

२३ मार्च, रविवार

आप्पांना घेऊन नवी पेठेतल्या शोरूमला गेलो. चौथं मॉडेल तिथं मांडलेलं होतं. तिथल्या मुलीनं पडदा मागं वळवला, पाटी करून आप्पांच्या मांडीवर दिली आणि चौकटीचं पान उघडून चांगलं मोठं केलं. आप्पांनी धोतराला हात पुसले. पेन मुठीत धरलं. टेकवलं की घर भरलं. हात थरथरला तरी एकच घर भरलं. मला वाटलं होतं त्यांना जमणार नाही, आणि त्यांनी अख्खी ओळ भरली, तोंडानं म्हणत म्हणत. ओळ संपली तसं माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "हां."

आप्पांनी वर बघितलं. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. त्या मुलीला म्हणाले, "ह्यो माजा ल्योक. ह्योबी मास्तरच हाय." मग लगेच दुसरी ओळ सुरू केली.

मी तेवढ्यात बिजागरी तपासली. पाच-सात वेळा उघडझाप केली. पूर्ण उलटा केल्यावर डाव्या बाजूला किंचित खेळ वाटला. सुपारी कातरताना अडकित्त्याला असतो तेवढाच असेल, पण होता. म्हटलं, आज एवढा तर पाच वर्षांनी किती? शिवाय आठवड्यावर पाडवा आहे, पाडव्याला ऑफर असतातच. नको म्हणून सांगितलं. त्या मुलीनं पान बंद केलं, आप्पांच्या दोन ओळी त्यात गेल्या.

येताना कन्ना चौकाच्या पुढं आल्यावर बघतो तर आप्पांच्या उजव्या पायात चप्पल नाही. कुठं पडली त्यांना पत्ताच नव्हता. म्हटलं, आप्पा, लक्ष कुठं असतं तुमचं? परत जाऊन शोधली, मिळाली नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली आणि लगेच शोरूमला गेलो. ऑफर होती. बॅग फुकट, एक वर्ष जास्तीची वॉरंटी. पैसे खिशात होते. तेवढ्यात मॅनेजर बोलून गेला की याच मॉडेलची पुढची आवृत्ती एप्रिलच्या शेवटी येतेय, तिची बिजागरी नवीन पद्धतीची आहे. आता हे ऐकल्यावर जुनं घेणारा मूर्खच की! अक्षय तृतीयेला घेऊ. तोही मुहूर्तच आहे.

घरी आलो तर आप्पा चष्मा पुसून दारात बसले होते. म्हटलं, नवीन बिजागरीचा येतोय, अजून महिनाभर. आप्पा म्हणाले, "बिजागरीला काय करायचं हाय? मी काय दार लावनार हाय का त्येला?" सोनम तोंडाला पदर लावून हसत होती. या घरात टिकाऊपणाची कुणाला कदर नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

ऋतुजाला सीईटीच्या अभ्यासातून डोकं वर काढायला वेळ नाही, तरी पोरगी आज आजोबांसमोर मोबाइल घेऊन बसली. म्हणाली, आजोबा, तुम्ही नुसतं वाचा, मी रेकॉर्ड करते. आप्पांनी पहिली ओळ वाचली. थांबले. मोबाइलकडं बघत राहिले. मोबाइल काय हां म्हणणार? मग तिला सांगितलं की ओळ झाली की हां म्हणायचं. त्यांनी परत पहिली ओळ वाचली, ही म्हणाली हां. आप्पांनी विचारलं, किती भरली? हिनं मोजलंच नव्हतं. आप्पा चिडले. "मोजल्याबिगर हां म्हनायचं न्हाय. खोटी हां म्हनली की सगळी चादर वाकडी जाती." पोरगी हिरमुसली आणि पुस्तकाकडं गेली.

मी तिला म्हटलं, जाऊ दे, आजोबांना सवय नाही. पेन आलं की स्वतःच भरतील. संध्याकाळी आप्पांनी तिला 'चिमे, पानी दे' म्हणून हाक मारली. चिमाबाई माझी आई. ऋतुजानं पाणी दिलं. नाकीडोळी ती आहेच आईवर.

११ एप्रिल, शुक्रवार

आज माझ्या तोंडून जायला नको होतं ते गेलं.

उद्या द्यायचं टॉवेलचं डिझाइन घेऊन बसलो होतो. आप्पा शेजारी चहा पीत होते. उजव्या हातातून कप सुटला तो सरळ कीबोर्डवर. मी ओरडलो. म्हटलं, धड कप धरता येत नाही आणि डिझाइनं काढायची हौस! आप्पा आपल्या हाताकडं बघत बसले. मग म्हणाले, हात झोपला होता. हात कुठं झोपतो का, काहीतरी आपलं. मी तणतणत लॅपटॉप उलटा करून पंख्याखाली ठेवला.

रात्रीच्या जेवणाला आले नाहीत. सोनमनं ताट आत नेऊन दिलं.

एक बरं झालं, नवीन घेतलं नव्हतं. यादीत घालतो: सांडलं तरी चालेल असा कीबोर्ड. आणि आप्पा हात टेकवतात, तर तळवा टेकला तरी रेघ उमटू नये, हेही बघायचं.

१९ एप्रिल, शनिवार

चहा प्यायलेला लॅपटॉप खालिदकडं नेला होता. खालिद दुरुस्तीवाला, माझा शाळेतला दोस्त. त्यानं साफ करून दिला, पण म्हणाला, हा आता औषधावर चाललाय. किती दिवस बघतोयस नवीन? मी डायरी काढून दाखवली. अकरा पानं झाली होती. त्यानं सगळी वाचली. म्हणाला, "सिदूभाई, लॅपटॉप घेताय का पोरीला नवरा शोधताय?"

मी त्याला समजावलं की बाबा, एकदाच घ्यायचं तर दहा वर्षं टिकलं पाहिजे. तो स्क्रू पिळत म्हणाला, माझ्याकडं यंत्रं येतात ना सिदूभाई, टिकाऊ असतात ती पण येतात. नशीब त्याचं की त्यानं पैसे घेतले नाहीत, नाहीतर मी वाद घातला असता.

घरी आप्पांचं चालूच होतं. आज पुढं सरकलेत: 'तीन सोड, तेरा घे, पाच सोड.' लगेच 'दोन सोड, चौदा घे, पाच सोड.' दोन्ही मोठ्यानं, माझ्याकडं बघत. मी फोनवर नव्या मॉडेलचा व्हिडिओ बघत होतो. हातानंच थांबा म्हणून खूण केली. मग परत पहिल्यापासून 'चार सोड' सुरू. डोकं उठतं.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

घेतला! शोरूमला नवीन आवृत्ती आलीच नव्हती, ऑनलाइन मागवला. धातूचं अंग, नवीन बिजागरी वीस हजार वेळा उघडझाप करून तपासलेली, फॅन नाही, पेन सोबतच, सांडलं तरी चालणारा कीबोर्ड. तीन वर्षांची वॉरंटी. यादीतली एकही गोष्ट सोडली नाही. सात तारखेला येईल.

आमरस-पोळीचं जेवण झालं. आईच्या नावानं ताट वाढलं होतं. आप्पांना सांगितलं, सात तारखेला तुमची पाटी येतेय. आप्पा म्हणाले, आठ दिस हायेत तर आजच थोडं बसू की. म्हटलं, आता सात दिवसांसाठी जुन्यावर कशाला? नव्यावर पहिल्यापासून नीट करू.

२ मे, शुक्रवार

संध्याकाळी आप्पा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, चष्मा लावून माझ्या टेबलाजवळ येऊन बसले. उद्यापासून बसायचं का, म्हणून विचारलं. बोलताना जीभ जड वाटत होती, उन्हाचं. टीव्हीवर मॅच होती, शेवटच्या ओव्हर चालल्या होत्या. मी म्हटलं, उद्या नक्की.

३ मे, शनिवार

सकाळी सहाला आप्पा मोरीजवळ पडले. उजवं अंग गेलंय. तोंड वाकडं झालंय. बोलत नाहीत.

९ मे, शुक्रवार

दवाखान्यातून लिहितोय. जिवाचा धोका टळला म्हणतात. उजवा हात-पाय निर्जीव. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या बोलण्याच्या भागालाच धक्का बसलाय, थोडीफार येईल किंवा येणार नाही, काही सांगता येत नाही. मग विचारलं, आधी काही लक्षणं होती का, हातातून वस्तू पडणं, पायाला बधिरपणा, बोलण्यात चूक? मी म्हटलं, नाही. थोडं उन्हाचं होतं.

लॅपटॉप परवा आला. सोनमनं सही करून घेतला. खोका तसाच कपाटात आहे.

बैल गेला अन् झोपा केला. लहानपणापासून ही म्हण दुसऱ्यांना ऐकवत आलो.

२४ मे, शनिवार

आप्पा घरी आले. खाट हॉलमध्ये, माझ्या टेबलाजवळच टाकली. सोनम भरवते, मी अंग पुसतो. डोळ्यांत ओळख पूर्ण आहे. काहीतरी सांगायला तोंड उघडतात, नुसती हवा येते, मग भिंतीकडं बघतात.

खोका आज फोडला. कामं थांबलीत, जुना कालच कायमचा बंद पडला. नवीन काय सुरेख आहे म्हणून सांगू. पडदा फिरवला तर आवाजसुद्धा होत नाही. बिजागरीत सुतभर खेळ नाही. मला त्याला हात लावायला लाज वाटत होती.

पडदा वळवून आप्पांच्या पोटावर ठेवला, पेन डाव्या हातात दिलं, चौकटी मोठ्या केल्या. त्यांनी कितीतरी वेळ बघितलं. पेन टेकवलं. भलतीकडंच चार-पाच घरं भरली. मग पेन सोडून दिलं आणि डोळे मिटले. कडेनं पाणी येत होतं. मी पुसलं आणि लॅपटॉप मिटला.

१ जून, रविवार

आज या डायरीतलं वॉरंटीचं पान शोधत होतो आणि पहिल्यापासून वाचत गेलो.

चप्पल आहे इथं. झोपलेला हात आहे. 'चिमे, पानी दे' आहे. डॉक्टरांना मी मुद्दाम खोटं बोललो नव्हतो, मला खरंच दिसलं नव्हतं. पण अक्षर माझंच आहे.

आणि ओळी आहेत. सतरा मार्चला एक, दोनदा लिहिलेली, मी सवय म्हणून हसलो होतो ती. एकोणीस एप्रिलला दोन. नवीन लॅपटॉप उघडला आणि भरून बघितल्या, खालून वर. चार सोड, दोन घे, सात सोड, दोन घे, सहा सोड. दोनदा लिहिली होती म्हणून तीच परत. तीन सोड, तेरा घे, पाच सोड. दोन सोड, चौदा घे, पाच सोड. प्रत्येक ओळ बरोबर एकवीस.

पडद्यावर दोन पाय उमटले. त्यावर पोट, मागं शेपटीचं टोक. मेंढी. उजवीकडं डोकं यायला हवं, तिथं कोरं.

ती बडबड नव्हती. माझा बाप दीड-दोन महिने माझ्यासमोर चादर वाचत होता आणि समोरून हां येईना म्हणून परत परत पहिल्या ओळीला जात होता. मला कुठलं यंत्र घ्यायचं नव्हतं. शेजारी बसून एकवीस मोजायचे होते आणि हां म्हणायचं होतं. दोन संध्याकाळचं काम. जुन्या लॅपटॉपवर झालं असतं, कागदावर झालं असतं. शोरूमला एकदा तोंडून निघालं तर त्यांनी लगेच पुढची ओळ धरली होती, आणि मी बिजागरी हलवत बसलो होतो.

सोनमला सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हाला कळतंय आणि तुम्ही टाळताय. हे ऐकून जास्तच लागलं, कारण थोडंफार तेही होतं.

२२ जून, रविवार

रोज संध्याकाळी बसतो. मोकळा वेळ आता हवा तेवढा काढता येतो, याचंच आश्चर्य वाटतं. डायरीतल्या चारी ओळी मी वाचतो. आप्पा ऐकतात. डाव्या हाताचं बोट चादरीवर आपटतात, एकेक घर मोजून. चार टिचक्या, थांबा. दोन टिचक्या, थांबा. ओळ संपली की मी हां म्हणतो. चारी ओळींना बोट बरोबर एकवीस भरतं.

काल चौथी ओळ संपली, माझ्याकडं पुढं काही नव्हतं म्हणून गप्प बसलो. आप्पांचं बोट थांबलं नाही. ते पुढं निघालं. मी ओरडून ऋतुजाला वही आणायला सांगितली. सोड आणि घे आलटून पालटून येतात, नुसते आकडे मिळाले तरी ओळ बसवता येते. दोघांनी मोजलं. तीन, अकरा, पाच, सहा. बेरीज पंचवीस. मी म्हटलं, "परत." आप्पांनी परत सुरू केलं. या वेळी सतरा. आणखी परत. बावीस. आकडे दर वेळी वेगळे. त्यांच्या कपाळावर घाम आला तेव्हा ऋतुजानं माझा हात दाबला.

आज परत तेच झालं. एकवीस काही भरत नाहीत.

१३ जुलै, रविवार

ऋतुजा आज सकाळी पुण्याला गेली. जाताना चादर घेतली ती बाजारातली, मोरांची. चांगली आहे, डिझाइन माझंच आहे. आजोबांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या पिशवीतली चादर डाव्या हातानं ओढून काढली, काठ चाचपून बघितला, आणि परत ठेवून दिली. पोरगी रिक्षापर्यंत मागं न बघता गेली. मला रागवायची असेल तर रागवू दे, तिचा हक्क आहे.

घर रिकामं झालं. संध्याकाळी लॅपटॉप वळवून आप्पांच्या पोटावर ठेवला. मेंढीचे दोन पाय, पोट, शेपटी. चार ओळी वाचल्या. चार वेळा हां म्हटलं. मग बोटाकडं बघत बसलो.

दोन टिचक्या. थांबा. नऊ. थांबा. चार. थांबा. चार. मग बोट उचललं आणि आप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

एकोणीस होते. मी दोनदा मोजले. दोन कमी.

आप्पा वाट बघत होते, मार्च महिन्यात बघायचे तशी. मी म्हटलं, "हां."

त्यांनी मान हलवली, आणि बोट पुढच्या ओळीला लागलं.